टपाला करडईचं तेल

झरी, जि. परभणी
गुरुवार

चिरंजीव धम्मदीप,

तुझ्या तात्याकाकाचा आणि सरजाकाकूचा सप्रेम जयभीम. परदेशातलं कच्चं-पक्कं खाऊन बिघडलेलं तुझं पोट पुण्याच्या पाण्यानं जाग्यावर आलं असेल, असं धरून चालतो. इकडे सगळी खुशाली आहे, फक्त तुझ्या गाडीचा टप सोडून. हे फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू मधेच बोलतोस. पत्रात तुला गप्प बसावं लागतं.

आधी घरची बातमी. आमच्या लेकीनं, संघप्रियानं, चुडाव्याला घर बांधलं. पुढच्या रविवारी, म्हणजे तू गाडी न्यायला येणार त्या शनिवारच्या दुसऱ्याच दिवशी, तिथं गृहप्रवेशाचा परित्राण पाठ आणि जेवण आहे. काकू जाईल की नाही, सांगता येत नाही. तुला ठाऊकच आहे, तिला गाडी लागते. जीप लागते, एसटी लागते, रिक्षासुद्धा लागते. (चुडाव्याला रेल्वे जाते, मान्य. पण झरीहून परभणीच्या स्टेशनापर्यंत जायचं कशानं? तिथं पोचेपर्यंतच बाईचा जीव अर्धा झालेला असतो.) पोरगी चार वर्षं झाली तिथं शिकवते आणि आईनं तिचं दार पाहिलेलं नाही. असो. गाडीकडे वळतो.

सहा महिन्यांपूर्वी परदेशी निघताना सोसायटीतल्या कबुतरांना भिऊन तू ही टप मिटणारी गाडी आमच्या पत्र्याच्या शेडात लावलीस आणि जाताना ‘टपाची निगा’ म्हणून एक कागद माझ्या हातात दिलास. मी बत्तीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस. कागद दोनदा वाचला, शुद्धलेखनाच्या नऊ चुका लाल शाईनं दुरुस्त केल्या आणि अक्षर न् अक्षर पाळला. महिन्यातून एकदा टप उघडायचा आणि लावायचा, नाहीतर सांधे धरतात, तसं केलं. ते करताना इंजिन चालू ठेवायचं, नाहीतर बॅटरी बसते, ठेवलं. कडेला पाणी जायची छिद्रं आहेत, ती तुंबू द्यायची नाहीत. त्यातून मूठभर लिंबाचा पाला आणि सोयाबीनचा भुसा काढला. कापड ओलं असताना टप गुंडाळायचा नाही, बुरशी येते. धुतल्यावर दिवसभर उन्हात ठेवला आणि स्वतः बाज टाकून राखण बसलो. इथवर तुझ्या कागदाला मी दहापैकी आठ गुण दिले होते.

जानेवारीत टप उघडला तेव्हा काकू ज्वारी निवडायचं सूप घेऊन सहज पुढच्या सीटवर बसली. सावली बरी होती म्हणे. मी म्हणलं, गाडी चालूच आहे तर उघड्या टपानंच वेशीपर्यंत जाऊन येऊ. (माझं लायसन आहे, भिऊ नकोस. तुझ्या वडिलांची जीप मीच चालवायचो.) वेशीवर विचारलं, मळमळायलंय का? म्हणाली, ‘न्हाई की. चला म्होरं.’ धम्मदीप, तुला खरं वाटणार नाही, ती बाई मोंढ्यापर्यंत आली, न लिंबू हुंगता, न पदर तोंडाला लावता. एरवी गाडीत बसली की डोळे मिटते ते उतरल्यावर उघडते. त्या दिवशी ती मला कुणाची हळद कशी आली आहे ते सांगत होती. मी हळदीकडे पाहिलंच नाही, लय बरं वाटत होतं मला.

आता ये सूचना क्रमांक पाचवर. तू लिहिलंस, ‘सांध्यांना अधूनमधून तेल द्यावे.’ कोणतं तेल? अक्षर नाही! बाबा रे, परभणी जिल्ह्यात नुसतं तेल म्हणलं की करडईचं. दुसरं असलं तर माणूस नाव घेऊन सांगतो, खोबरेल, एरंडेल, रॉकेल. मी घाण्यावरचं, यंदाच्या करडईचं तेल वाटीभर घेतलं आणि कापसाच्या बोळ्यानं एकेका सांध्याला पाजलं. काकू म्हणाली, ‘भज्याचं तेल गाडीला कामून पाजायलाव?’ मी लक्ष दिलं नाही. आठ दिवस टप असा सरकला की माणिकराव (शेजारी, प्रत्येक गोष्टीत ज्याला मत असतं तो) स्वतःच्या दाराच्या बिजागरीला तेच तेल लावून बसला. पण करडईचं तेल उघड्यावर पसरून राहिलं की वाळतं, आणि वाळलं की डिंकासारखं धरतं. स्वयंपाकघरातल्या बरणीला बाहेरून बोट लावलं असतं तरी कळलं असतं. सूचना पाचला शून्य गुण.

मागच्या आठवड्यात बटण दाबलं तर टप निम्मा उठला आणि तिथंच थांबला. ना उघडा, ना लागलेला. माणिकराव म्हणाला हातानं लोटा. मी हात घातलाही होता, पण काकूनं मनगट धरलं आणि तुझ्याच कागदावरचं ‘जोर लावू नये’ मला वाचून दाखवलं. मग ती आत गेली आणि चुडाव्याला न्यायचं म्हणून बांधून ठेवलेलं लुगडं परत पेटीत ठेवलं. भांडली असती तर परवडलं असतं.

दुसऱ्या दिवशी परभणीहून बन्सीधरला आणलं. तो ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या दुरुस्त करतो. त्यानं मागचं झाकण उघडलं, पंप पाहिला, नळ्या पाहिल्या आणि म्हणाला, ‘सर, ही तर आपली ट्रॉलीच हाय की! ती माल उचलती, ही टप उचलती.’ एका नळीचा सांधा पाझरत होता, तो आवळला. पंपात त्याच्या मापाचं तेल भरलं. माझी करडई रॉकेलच्या चिंधीनं खरवडून काढली, रबराला थेंब लागू दिला नाही. सांध्यांना सिलिकॉनचा फवारा मारला, रबराला काकूची पावडर चोळली. (कागदावर हे लाल शाईनं लिहून ठेवलं आहे.) आता टप झोकात उघडतो. लागत मात्र नाही. बन्सीधर म्हणतो, दहा-बारा दिवस तरी लागतील. तेव्हा तू शनिवारी येण्यात अर्थ नाही. उघड्या डोक्यानं या उन्हात पुण्यापर्यंत कसा जाशील? सवडीनं ये.

तुझा,
तात्याकाका

ता. क. बन्सीधर दहा-बारा दिवस म्हणाला नाही. त्यानं टप तेव्हाच लावून, उघडून दाखवला. मग मी त्याच्याकडून टपाचा फ्यूज काढून घेतला. तो माझ्या चष्म्याच्या डबीत आहे. आयुष्यात कुणाला काही मागितलं नाही रे, जमतच नाही. रविवारनंतर लगेच गाडी ने.

ता. क. २ (हे सरजाकाकू लिहायलीय. ह्यांनी पाकीट चिकटवायला मला दिलं.) धम्मा, डबीतला फ्यूज मी काल्लाच काढून गाडीत बसवला, बन्सीधरला फोन करून. टप लागतो बी अन् उघडतो बी. तू शनिवारीच ये. पण आयतवारी मला टप उघडून चुडाव्याला ने अन् मग गाडी पुण्याला ने. मला मागायची लाज न्हाई, माझी लेक हाय तिथं. पुढच्या सीटवर मी बसनार. ह्यांना मागं बसव, अन् ह्यांच्या हातात लिंबू दे.