राजाच्या मागे भुरी

३ फेब्रुवारी १९६१, शुक्रवार. विसरवाडी
हे सकाळी जंगल खात्याच्या जीपने मोलगीकडे गेले. तोडीच्या कुपातल्या लाकडाची मोजणी, दोन आठवडे तरी लागतील. निघताना ओट्यावर राजाजवळ उकिडवे बसले. त्याचे मागचे पाय आता पार गेले. मांडीवरची जखम भरत नाही, माशा बसतात. मी म्हटलं, गुरांच्या डॉक्टरला विचारायचं का? म्हणाले, “मी आल्यावर बघू. जे व्हायचं ते माझ्यासमोर होऊ दे.” आमची कुसुम दारात उभी होती.
राजा यांच्या नोकरीइतकाच जुना. अक्कलकुव्याच्या नाक्यावर कुत्र्याचं पिल्लू म्हणून आला, सगळं जंगल यांच्यामागे फिरला. आता त्याच्या पोटाला टेकून भुरी कुत्री पडलेली असते. ती जन्मापासून बहिरी. राजाचे कान उभे राहिले की हिला समजतं, कोणी आलं. तो उठला की ही उठायची. तो उठत नाही म्हणून हीपण दिवसभर पडून.

६ फेब्रु., सोम.
दोंडाईच्याहून पत्र. कुसुमला बघायला येत्या रविवारी येतात. मुलगा, त्याचे वडील, आत्या. यांना कळवायला वेळ नाही, मोलगीला तार कुठली जाते? माझा भाऊ येऊन बसेल.
बसवायचं कुठे? आत अंधार, खोली एकच. ओट्यावरच. आणि ओट्यावर राजा. आज पुन्हा घाण केली. कु.ने धुतलं. वास जात नाही.

८ फेब्रु., बुध.
नवापूरहून गुरांचे डॉक्टर लस टोचायला आले होते. मीच निरोप पाठवला.
जखम पाहिली, पापणी उलटी करून पाहिली. “महिनाभर काढेलही, वहिनी. त्रास आहेच त्याला. कायमचं झोपवायची सुई देता येईल, पण आजच असं काही नाही. साहेब कुठेत?”
म्हटलं, “ते सांगून गेलेत.”
म्हणजे खोटंच. सांगून गेले होते, पण हे नाही.
कु. शिवणाच्या वर्गाला. तीच वेळ मी धरली. भुरीला मागच्या सरपणाच्या खोपटात कोंडलं. राजाचं डोकं मांडीवर घेतलं. सुई टोचली तेव्हा त्याने माझा हात चाटला. फार वेळ लागला नाही.
डॉक्टर म्हणाले, “त्या दुसरीला सोडा जरा. वास घेऊ दे. नाहीतर शोधत बसेल.”
लाकूड डेपोवरचा रुपसिंग राजाला पुरायला न्यायला बैलगाडी घेऊन थांबला होता. मी म्हटलं, भुरीला नको, गाडी जाऊ दे. शेजारीपाजारी जमतील असं वाटलं. गाडी नाल्याकडे गेली. मी गेले नाही. त्याचं गोणपाट जाळलं आणि ओटा फिनेलने धुतला, दोनदा.
कु. आली. ओट्याकडे पाहत राहिली.
“बाबांनी सांगितलं होतं?”
“हो.”
“मी दारात होते, आई.”
 ताट वाढलं, ते तसंच.

१० फेब्रु., शुक्र.
भुरी ओट्यावर येते, हुंगते, शिंकते, परत जाते. फिनेलचा वास. तिच्यापुरता तो कुठे गेलाच नाही, नुसता नाहीसा झाला. भाकरी, दूध, कशाला तोंड नाही.
दुपारी दार उघडं राहिलं. चहावाली ठगूबाई तिला मानगुटीला धरून घेऊन आली, स्वतः थरथरत होती. “सडकना मधमाच उभी व्हती वं बाई! ट्रकवाला भोंगा वाजाडी ऱ्हायना, हाई हालतच नई. तिले ऐकू येत नई हाई त्याले काय माहीत?”
मग ओट्याकडे बघून, “म्हातारा गया ना? तिले दखाडं नई का?”
मी म्हटलं, वेळ नव्हता.
भुरीला मागच्या खांबाला बांधलं. आजवर कधी बांधली नव्हती.

११ फेब्रु., शनि.
कु. म्हणाली, तिला तिथे तरी नेऊ. कुठे पुरलं?
मला माहीत नव्हतं.
रुपसिंगला विचारायला डेपोवर गेलो, मायलेकी आणि दोरीला कुत्री. लाकडं उचलणारे थांबून बघत होते. नाकेदाराची बायको कुत्र्याची जागा विचारत फिरते. पदर ओढून घेतला, आणि कशाची लाज वाटते तेच समजेना. रुपसिंगने पळसाखाली दाखवलं. “इथं. दगड ठेवलेत बाई, कोल्हे उकरतात.” मी सांगितलं नव्हतं त्याला दगडांचं.
भुरीने दगड हुंगले. थोडं उकरलं. मग आडवी झाली, हनुवटी मातीवर. बऱ्याच वेळाने आपणहून उठली. घरी येऊन पाणी प्यायली. कु. म्हणाली, “बुधवारीच केलं असतं तर...” आणि तिने घागर उचलली.

१२ फेब्रु., रवि.
लिहावंसं वाटत नाही.
पाहुणे आले. ओट्यावर सतरंजी, पोहे. आत्या म्हणाल्या, “काय लख्ख ठेवलंय घर!” माझा भाऊ खूश. मुलगा खाली बघून हसत होता, बरा वाटला.
तेवढ्यात मागून भुरी रडायला लागली. तिला तिचा आवाज ऐकू येत नाही, त्यामुळे थांबायचं कुठे ते समजत नाही. चिरका, लांबच लांब.
“तुमचं कुत्रं आजारी आहे का?” मुलाच्या वडिलांनी विचारलं.
मी म्हटलं, “आमचं नाही. शेजारचं आहे.”
कु. चहाचा ट्रे घेऊन बाहेर येत होती. तिने ट्रे खाली ठेवला. शांतपणे म्हणाली, “आमचंच आहे. तिचा जोडीदार होता, म्हातारा. इथेच बसायचा, तुम्ही बसलात तिथे. तुम्ही येणार म्हणून आईने त्याला सुई द्यायला लावली.”
भाऊ खोकला. आत्यांनी बशी खाली ठेवली. मुलाच्या वडिलांनी ट्रेमधला कप उचलून चहा मात्र संपवला. “कळवतो,” म्हणाले.
ते गेल्यावर भाऊ कु.वर ओरडला. मी ओरडले नाही. माझ्याकडे ओरडायला काही उरलं नव्हतं.

१४ फेब्रु., मंगळ.
कु. माझ्याशी कामापुरतं बोलते. भुरीशी सगळा वेळ. जमिनीवर पाय आपटून तिला बोलावते. भुरीला हादरा कळतो, मान वळवते. आज मीही आपटून पाहिला. वळली, मला पाहिलं, परत तोंड फिरवलं.
राजा सकाळी यांच्याबरोबर नाक्यापर्यंत जायचा, ही त्याच्यामागे. तसं नेऊन बघावं म्हणून मी दोरी धरून नाक्यापर्यंत गेले. बसमधली माणसं बघत होती. बघू देत. ती रस्ताभर त्याच्या जागा हुंगत होती, प्रत्येक खांब. येताना माझ्या डाव्या हाताला आली, सावलीत. घरी अर्धी भाकरी खाल्ली, दुधात कुस्करून. कु.ने पाहिलं.

१७ फेब्रु., शुक्र.
हे आले. धुळीने माखलेले. जीपमधून उतरले तेच ओट्याकडे पाहिलं.
“राजा?”
मी सांगितलं. डॉक्टर आले होते, त्रास बघवेना.
“दुखलं का त्याला फार?”
“नाही.”
“तू होतीस जवळ?”
“होते. डोकं मांडीवर होतं.” हे खरं आहे. तेवढंच खरं.
हे बराच वेळ मोरीत तोंड धूत राहिले. बाहेर आले ते म्हणाले, “बरं केलंस. मी नुसतं म्हणत होतो, माझ्यासमोर होऊ दे. माझ्याच्याने झालं नसतं ते.”
मी भाकरी थापत होते, हात थांबले. कु. ताटं मांडत होती. तिने माझ्याकडे पाहिलं. मी पुढची भाकरी थापली. पाहुणे येऊन गेल्याचं जेवताना सांगितलं, तेवढंच.

२० फेब्रु., सोम.
हे ठगूबाईच्या दुकानात चार लोकांत म्हणाले, माझ्यापेक्षा हिला धीर. ठगूबाईनेच येऊन सांगितलं. कौतुकाने.
भुरी आता यांच्या पायाशी झोपते. रात्रीतून उठून ओट्यावर चक्कर मारून येते.

२३ फेब्रु., गुरु.
दोंडाईच्याचं पत्र. मुलगी पसंत आहे. त्या रविवारच्या बोलण्याबद्दल एक अक्षरही नाही. यांना आनंद झाला, गूळ वाटायला निघाले. कु. म्हणाली, “बाबा, मला दोन दिवस द्या.” हे चकित. “नापसंत आहे का मुलगा?” “तसं नाही.”
मग आत येऊन मला, हळू आवाजात, “आधी बाबांना खरं सांग. पाहुणे येणार म्हणून राजा गेला, आणि मी त्याच घरात हसत जायचं? मी सांगितलं तर बाबा तुझ्याकडे बघणार नाहीत. तू सांगितलंस तर बघतील कदाचित.”
‘कदाचित’ हा शब्द दिवसभर.

२५ फेब्रु., शनि.
संध्याकाळी हे म्हणाले, जागा दाखव. मी, हे आणि भुरी. पळसाला फुलं आलीत, दगडांवर पडली होती. हे खाली बसले, दगड सारखे केले. भुरी त्यांच्या गुडघ्याला टेकून.
मीही खाली बसले आणि सांगितलं. पाहुणे, ओटा, वास. डॉक्टर म्हणाले होते घाई नाही, तेही. भुरीला कोंडलं होतं, तेही. आमचं कुत्रं नाही असं मी पाहुण्यांना म्हणाले, तेसुद्धा. रडले नाही. रडले असते तर त्यांना मलाच समजवावं लागलं असतं.
 यांच्या हातात एक दगड होता, तो ठेवला. उठले, भुरीची दोरी सोडून गुंडाळून खिशात टाकली आणि सडकेने नाक्याकडे चालू लागले. भुरीला सडकेच्या कडेला ठेवून, स्वतः ट्रकांच्या बाजूने. ती त्यांच्या टाचेशी टाच लावून. मागे कोणीच पाहिलं नाही.
मी घरी आले. कु.ने विचारलं, “सांगितलंस?” मान हलवली. तिने माझ्यासाठी पाट मांडला. त्या बुधवारनंतर पहिल्यांदा.
पत्राला उत्तर अजून दिलेलं नाही. हे अजून आले नाहीत. दिवा लागला, ताट झाकून ठेवलंय. बाहेर जाऊन बघावं की इथेच ताटापाशी थांबावं, ठरत नाही.