मांजरसुंब्याच्या खोक्यांची वाटणी

मी, धुळाजी सटवाजी देवकते, वय ६८, धंदा ढाबा, त्याआधी मेंढपाळ, राहणार मांजरसुंबा, ता. जि. बीड, कोणाच्या दडपणाशिवाय, दारूच्या थेंबाशिवाय आणि डोके जागेवर असताना हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. डोके जागेवर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. "काका, बाहुल्या अजून जमवता का?" असे त्यांनी विचारले, तेव्हा दाखला हातात पडेपर्यंत मी तोंड उघडले नाही. वकीलसाहेबांनी यातला निम्मा मजकूर फालतू म्हणून खोडला होता. तो मी परत लिहिला आहे, कारण मरायचे मला आहे, त्यांना नाही.

कलम १. हायवेवरचा ढाबा, भट्टी, फ्रीज आणि सगळ्या बाजा माझा मुलगा अभिमन्यू यास देतो. गिऱ्हाईक वाढले तर भाजी वाढवावी, पाणी वाढवू नये.

कलम २. राहते घर आणि बँकेतली ठेव माझी पत्नी साखराबाई हिची. तिच्यामागे घर दोन्ही लेकरांचे. मेंढरांमागे रानोमाळ फिरताना पालात संसार केला तिने, आता तिला तिच्या घरातून कोणी हलवायचे नाही.

कलम ३. वडिलोपार्जित रानातला माझा हिस्सा अभिमन्यू आणि माझी मुलगी मोहिनी यांना निम्मा निम्मा. इथे दोन शब्द जास्त लिहितो. अभिमन्यूने मोहिनीकडून हक्कसोड मागितली होती. मागितली तेही एक वेळ सोडा, पण कागद तिच्याकडे पुण्याला एका ट्रक ड्रायव्हरच्या हाती पाठवला. मोहिनी फोनवर मला म्हणाली, "आप्पा, दादा सोता आला असता तर चहा पाजून सही दिली असती. मी काय परकी हाय का?" तिने कागद बिनसहीचाच परत पाठवला. तेव्हापासून दोघांचे बोलणे बंद, भाऊबीज बंद. पोटची दोन लेकरे एका ताटात जेवलेली, आणि माझ्यामागे ती एकमेकांचे तोंड बघणार नाहीत, ही एकच गोष्ट मला झोपू देत नव्हती. बाकी मरणाचे मला काही वाटत नाही.

कलम ४. आता खोकी. खोकी म्हणजे पुठ्ठ्याची, पुढाऱ्यांची नव्हेत. माडीवरच्या खोलीत मी विनाइलच्या मूर्ती जमवल्या. इंग्रजी सिनेमे, जपानी कार्टून, गाणारे, खेळाडू अशांच्या त्या. डोके भोपळ्याएवढे, अंग चिमूटभर, डोळे काळे बटण. पहिली मूर्ती एक गिऱ्हाईक ढाब्यावर विसरून गेले. ते परत येईल म्हणून गल्ल्याशेजारी ठेवली. ते आले नाही, पण मूर्ती बघून दुसरी गिऱ्हाइके थांबू लागली. मोहिनी तेव्हा बीडला कॉलेजात होती. तिने मोबाइलवर शोधून मला सगळे समजावले आणि मी नादी लागलो तो लागलोच.

अभिमन्यूने हे कधी कान देऊन ऐकले नाही, म्हणून इथे लिहितो. बाळा, साधी मूर्ती चार इंचाला जरा कमी असते. तिच्या वरची सहा इंची, मग दहा इंची जंबो, आणि एक अठरा इंची होती, जिच्यावर तू टॉवेल वाळत घालायचास. मापावरून मोल ठरत नाही. सिनेमातला राक्षस ताडमाड, म्हणून त्याची मूर्ती मोठी काढतात, आणि ती ढिगाने निघते. मोल असते प्रकाराला. साचा एक, खोक्याच्या कोपऱ्यातला नंबर एक, पण एखादीचा रंग वेगळा, एखादी अंधारात उजळते, एखादीच्या अंगावर खरी लव असते. कंपनी अशा वेगळ्या मूर्ती साध्या मालात मोजक्याच मिसळते. त्यांना चेस म्हणतात, आणि खोक्यावर तसे स्टिकर असते. स्टिकर फाटले की किंमत पडली. नकली ओळखायची तर खोक्याच्या बुडाचा शिक्का आणि मूर्तीच्या पायाखालचा किंवा मानेवरचा शिक्का जुळवून बघायचा. यात अवघड काही नाही. शंभर मेंढरांत आपले मेंढरू तू लहानपणी तोंडावरून ओळखायचास. तसेच हे.

कलम ५. माझा दोस्त बंकट याने गणपतीच्या देखाव्यासाठी माझी एक सहा इंची मूर्ती उसनी नेली आणि तिला ऑइलपेंटने मिशा काढून परत दिली. "नुसतीच गुळगुळीत दिसत व्हती बे, जरा मर्दानी केली," म्हणाला. ती मूर्ती मिशांसकट त्यालाच देतो. त्याने ती रोज बघावी.

कलम ६. दिवाळीच्या पाडव्याला आम्ही मेंढरे ओवाळतो. मेंढरे विकल्यावर साखराबाईचा हात रिकामा राहिला. त्या वर्षी तिने माडीवर जाऊन लव असलेली एक चेस मूर्ती खोक्यातून काढली, तिच्या कपाळावर हळदीकुंकू लावले आणि ती ओवाळली. कुंकू लवेत मुरले ते मुरलेच. मी कपाळाला हात लावला. ती म्हणाली, "केसाळ हाय, मला वाटलं मेंढीच हाय." असा प्रकार जगात दुसरा निघालेला नाही. ती मूर्ती वाटणीबाहेर, साखराबाईची.

कलम ७. उरलेल्या खोक्यांची वाटणी मी जिवंतपणीच केली आहे. ती कशी झाली ते लिहिणे गरजेचे आहे.

माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मोहिनी आली होती. भाऊबहीण एका घरात, पण बोलणे आईमार्फत. "तिला म्हणावं चहा ठिवलाय." "त्याला म्हणावं पिले." मी एका डोळ्याला पट्टी बांधून माडीवर बसलो आणि दोघांना बोलावले. आमच्यात कळप वाटताना थोरला दोन वाटे पाडतो आणि धाकटा आधी उचलतो. पाडणाऱ्याने लबाडी केली तर ती त्याच्याच गळ्यात पडते, म्हणून वाटे सारखे पडतात. अभिमन्यूला म्हटले, पाड वाटे.

त्याने वाटे पाडले. सगळी मोठी खोकी खिडकीकडे, सगळी लहान दाराकडे. आईला हळूच म्हणाला, "मोठी मोठी समदी तिला जाऊ दे. तिच्यामुळंच आप्पाला ही हौस लागली. त्यो कागद धाडला तवा चुकलंच माझं." मोहिनी पाणी घेऊन त्याच्या मागेच उभी होती. तिने ऐकले.

मला उघड्या डोळ्याने दिसत होते. एकूण एक चेस, उजळणाऱ्या, लव असलेल्या, सगळ्या दाराकडच्या लहान खोक्यांत होत्या. खिडकीकडे नुसता आकार होता. मी बोलायला तोंड उघडले, तर मोहिनीने माझा पाय दाबला. तिच्याइतके हे कोणाला कळते? तिने दोन्ही वाटे नीट पाहिले, भावाकडे पाहिले, आणि खिडकीकडे जाऊन म्हणाली, "दादा, ही मोठाली माझी."

"मला ठावं व्हतं तू हीच घेणार," अभिमन्यू म्हणाला. दोन वर्षांत पहिल्यांदा तो तिच्याशी थेट बोलला. अठरा इंची त्याने स्वतः खांद्यावर घेऊन खाली नेली आणि जीपमध्ये दोरीने बांधली. निघताना मोहिनी म्हणाली, "भाऊबीजेला येते." ती आली. मी अंगणात पाठ करून डोळे पुसले, औषधाचे नाव सांगून.

तीच वाटणी मी या मृत्युपत्राने कायम करतो. मोहिनीचे यात मोठे नुकसान झाले आहे असे वकीलसाहेब म्हणतात. ते बरोबर आहे, आणि नुकसान तिने पूर्ण शुद्धीत केले आहे. अभिमन्यूला आपल्या वाट्याला काय आले हे आज, हे वाचताना पहिल्यांदा कळेल. बहीण समोरच बसलेली असेल. पुढे काय करायचे ते मी लिहीत नाही.

वरील मजकूर मी स्वतः वाचला, दोन जागी हसलो, आणि साक्षीदारांसमोर सही केली.

सही: धुळाजी सटवाजी देवकते

साक्षीदार (यांना यातले काहीही मिळणार नाही, चहा मिळाला आहे):
१. सोमेश्वर हनुमंत घोडके, पंक्चरवाले, मांजरसुंबा
२. माऊली रामकिसन तोंडे, मांजरसुंबा

ठिकाण: मांजरसुंबा, ता. जि. बीड
दिनांक: १७ जानेवारी २०२५