पाण्यातलं गाऱ्हाणं

३ ऑक्टोबर, शुक्रवार
आज पुन्हा श्वास धरला! स्कुबाचा, म्हणजे हवेची टाकी पाठीला लावून बुडण्याचा, पहिलाच नियम — पाण्याखाली श्वास कधीही धरायचा नाही. पुस्तकातलं ते पान मला पाठ आहे, स्वल्पविरामांसकट. तरी खाली गेलो की छाती बंद. खडकाला चिकटलेले शिनाणे, म्हणजे शिंपले, काढायला लहानपणापासून बुड्या मारल्या त्या श्वास कोंडूनच. वाडीत सगळ्यांचं तेच.

पुढच्या शुक्रवारी परीक्षा. पर्यटकांना स्कुबाला नेणाऱ्या दाजींच्या बोटीवर यंदा गाइडची जागा एकच. मी किंवा शिवा. नाही मिळाली तर दिवाळीनंतर मुंबई, मामांचं कॅन्टीन. आबांनी मामांना फोन करूनही ठेवला आहे.

४ ऑक्टोबर
आम्हाला स्कुबा शिकवणाऱ्या तेजस्वी मॅडम शिवाला काही सांगतच नाहीत. मला वाटे, त्याच्यावर मेहनत घ्यायची नाही म्हणून. आज नीट पाहिलं. त्या नुसतं करून दाखवतात, तेही हळू. शिवा बघतो आणि तसंच करतो. बोलायला लागल्या की त्याचे डोळे विझतात. वर्गात हौसेने येणाऱ्या जान्हवीचं उलट. ती प्रत्येक गोष्टीवर वाद घालते, आणि मॅडम तिला घालू देतात. शेवटी म्हणाल्या, आता तूच मला शिकव. जान्हवीने शिकवलं आणि शिकवता शिकवता तिलाच आलं.

वाचायचं, लिहायचं, परत वाचायचं — अभ्यास म्हणजे एवढंच, असं मी धरून चाललो होतो. दहावीनंतर शाळा सुटली तरी हे सुटलं नव्हतं. प्रत्येकाला वेगळं शिकवायचं, हे मॅडमना कुणी शिकवलं असेल?

६ ऑक्टोबर
परत श्वास धरला. मॅडमनी बोटीवर बसवून नियम विचारले. सगळे बरोबर सांगितले. वर्गात त्या शुद्ध बोलतात, आज मालवणीत आल्या.
"डोक्यान पाठ केल्यान. छातीन अजून करूक नाय."
रागावल्या नव्हत्या. मला रडू आलं ते त्यामुळेच.

७ ऑक्टोबर
मॅडमनी विचारलं, झोपेतही न अडता म्हणशील असं तुला काय येतं? पुस्तकातलं नको. मी लाजत सांगितलं, आबांचं गाऱ्हाणं. वाडीच्या देवाला आबा दरवर्षी सगळ्यांसाठी मागणं मागत गाऱ्हाणं घालतात, मी मागे उभा राहून सगळ्यांबरोबर प्रत्येक विरामाला 'व्हय म्हाराजा' म्हणतो. सबंध येतं.
मॅडम हसल्या. "मग पाण्यात घाल गाऱ्हाणा. व्हय म्हाराजा म्हणाक मी आसय."

खाली गेलो. नळी दातांत धरून घुमत घुमत म्हटलं — बा देवा म्हाराजा... बोलायचं तर श्वास सोडावाच लागतो! सोडला की घ्यावा लागतो. प्रत्येक विरामाला मॅडम माझा हात दाबत होत्या. तेच त्यांचं 'व्हय म्हाराजा'. वाडीतली पोरंबाळं, गुरंढोरं, मुंबईचे चाकरमानी, सगळ्यांना सांभाळ म्हणून झालं तरी श्वास चालूच होता. समोरून एक मासा निवांत गेला. मासा बघायला मला पहिल्यांदाच सवड मिळाली.

वर आल्यावर शिवाने विचारलं, देव पाण्यात इलो काय रे? सगळे हसले. मीही.

८ ऑक्टोबर
आज गाऱ्हाणं अर्ध्यातच थांबलं. श्वास थांबला नाही.

१० ऑक्टोबर
परीक्षा झाली. पाण्यातली आणि कागदावरची, दोन्ही. कागद मी तीनदा तपासून दिला.

११ ऑक्टोबर
मी पास. शिवा पाण्यात पहिला, कागदावर नापास. खोलीनुसार पाण्याचा दाब — तिथे त्याने पान कोरं सोडलं. गुरुवारी त्याची फेरपरीक्षा आहे.

दाजींनी स्पष्ट सांगितलं. गुरुवारपर्यंत थांबतो. शिवा पास झाला तर जागा त्याची, त्याच्यासारखा पाण्यात दुसरा नाही. नाही झाला तर तुझी. खरंच आहे ते. तरी घरी येताना मनात काय आलं, ते इथेही लिहिणार नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार
शिवा सकाळीच येऊन ओट्यावर बसला. मग म्हणाला, "वाचलेला टिकणा नाय रे. माका शिकव."

मी पुस्तक उघडलं, दाबाचं पान काढलं. वाचू लागलो तर त्याचे डोळे विझले. पुस्तक मिटलं. झाकण घट्ट लावलेली रिकामी प्लास्टिकची बाटली घेतली आणि होडी काढ म्हटलं. तो काढेपर्यंत हे लिहितोय. बाटली हातात धरून खोल जायचं. जसजसं खाली जावं, तशी ती मुठीत चेपत जाते. शिवा एकदा बघेल आणि त्याला कळेल. गुरुवारी तो पास होईल.