संध्याकाळची गोळी

मोशी,
ता. १९ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. मालेस,
अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. तुझ्या सासूबाईंचा गुडघा आता कसा आहे? दाजींना नमस्कार सांग.

रोज बोलणाऱ्या भावाला पत्र लिहायचं काय सुचलं, म्हणून तू दचकली असशील. बोलताना मला खोटं फार सराईतपणे जमतं, म्हणून लिहितोय.

आधी गाडीची बातमी. आप्पांची राजदूत सुरू झाली. पंधरा वर्षं गोठ्यात कडब्याखाली पडून होती, टाकीच्या खाली उंदरांनी संसार थाटला होता. दुधाचे कॅन पिंपरीला नेऊन नेऊन मागच्या कॅरिअरला पडलेला बाक मी मुद्दाम तसाच ठेवलाय. ऑपरेशननंतर डॉक्टर म्हणाल्या होत्या, कशात तरी मन गुंतवा. म्हणून गाडी सोसायटीत आणवली आणि मास्क, हातमोजे घालून पार्किंगमध्ये तिच्यापाशी बसायचो. तू म्हणायचीस, "गाडीचं राहू दे दादा, आमची लेक नांदतेय ना नीट?" स्वतःची किडनी काढून मला दिलीस आणि तिला सासरी धाडलेली लेक म्हणायचीस. मी म्हणायचो, नांदतेय, लाडात आहे.

गोळ्यांमुळे माझा हात थरथरायचा, हे तुला माहीत आहे. चाकणला टूलरूममध्ये बावीस वर्षं काढली, बारीक कामाला साहेब मलाच हाक मारायचे. त्याच हाताला शर्टाचं बटण लागेना. गाडी सगळी जोडून झाली होती. फक्त प्लगला ठिणगी देणाऱ्या दोन पॉइंटमधली फट लावायची राहिली होती. जेमतेम कार्डाच्या जाडीची फट. स्क्रू आवळायला गेलो की स्क्रूड्रायव्हर सटकायचा. दसऱ्याला गाडीची पूजा करायची, असं मी सगळ्या सोसायटीला सांगून बसलो होतो.

आपले उद्धवराव मेकॅनिक समोरच बसले होते. म्हणाले, "द्या की भाऊ हिकडं. दोन मिनिटांचं काम हाय."

मी म्हणालो, "न्हाई. जोडली मी, लावणार बी मीच."

आता लिहितोच. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवसापासून मी संध्याकाळची गोळी बंद केली. माझ्या शरीराने तुझी किडनी परकी समजून तिच्यावर उठू नये, म्हणून असलेली गोळी. विसरलो नाही, माले. ठरवून बंद केली. कंपनीत आम्ही ट्रायल घेतो, एखादं सेटिंग थोडं खाली आणायचं, चार दिवस माल बघायचा, बिघडला नाही तर चालू ठेवायचं. तसंच केलं. सूज नाही, ताप नाही, म्हणजे पास. तुझी रुपालीवहिनी गोळ्यांचा डबा रोज बघते, म्हणून गोळी काढून संडासात टाकायचो. महिन्याची रक्ततपासणीही काहीतरी सबब सांगून पुढे ढकलली.

दहा दिवसांत हात थांबला. व्हिडिओवर मी तुला काठोकाठ भरलेला चहाचा कप धरून दाखवला. तू रडलीस, देवीला नारळ फोडलास. दसऱ्याला दुसऱ्या किकला गाडी सुरू झाली. उद्धवरावांनी हँडलला झेंडूची माळ घातली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी मला किती आनंद झाला होता, ते आठवलं की आता स्वतःचीच शिसारी येते.

दुसऱ्या दिवशी गोळी परत सुरू केली. पण आठवड्यात पाय सुजले. भाऊबीजेला "व्हायरल आहे, येऊ नको" म्हणालो, तेव्हा मी दवाखान्यात होतो. तीन दिवस मोठी इंजेक्शनं दिली. उपयोग झाला नाही. तुझी किडनी गेली, माले. आता आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातो.

डॉक्टरांनी विचारलं होतं, गोळ्या चुकल्या का? माझ्याआधी रुपालीच बोलली, "मॅडम, डबा मी स्वतः भरते. एकसुद्धा चुकलेली नाही." मी मान डोलावली. वर, मध्ये उलट्या होत होत्या, गोळी पोटात टिकली नसेल, असंही ठोकून दिलं.

आणि आता ती स्वतःची द्यायला निघाली आहे. रक्तगट जुळतो. परवा गुरुवारी तिची पहिली तपासणी. म्हणते, "वन्संनी केलं, आता माझी पाळी. नशिबापुढं काय चालतं?" सगळं नशिबाच्या माथी मारून ती कामाला लागली आहे. कालपासून मीठ कमी खाते, पहाटे उठून चालायला जाते. मी बघत बसतो.

तुझ्याकडे माफी मागत नाही. सासरी सगळ्यांशी वैर घेऊन तू आली होतीस, भूल देताना माझा हात धरून हसत होतीस. मागायला तोंड कुठून आणू?

रुपालीला सांगायला तीनदा स्वयंपाकघरात गेलो, तीनदा चहा मागून परत आलो. म्हणून उद्या सकाळी हे पत्र पाकीट न चिकटवता तिच्याच हातात देणार आहे. "आधी तू वाच, मग पोस्टात टाक," एवढंच तिला सांगेन. तेवढं मला जमेल.

तुझ्यापर्यंत पोचलं, म्हणजे तिने वाचलं आहे. मग तिला फोन कर. मला नको.

तुझं दिलेलं स्वतःच्या हाताने घालवलेला,
तुझा दादा
सदाशिव