तत्त्वज्ञानाची एकटी पदवीधर

अमरावती, शनिवार संध्याकाळ

डोकं अजून तापलेलंच आहे. आज कॉलेजचा पदवीदान समारंभ झाला. दरवर्षीसारखं एकेका विषयाचं नाव पुकारायचं आणि त्या विषयाच्या पोरांनी एकदम उभं राहायचं. कॉम्प्युटर म्हटलं तर अर्धं सभागृह उठलं. मग कॉमर्स. शेवटी तत्त्वज्ञान, माझा विषय. मी नोकरीला लागलो तेव्हा याच विषयाला बाकं पुरायची नाहीत. आज धारणीची सुमित्रा एकटी उभी राहिली. आणि सभागृह हसलं.

पोरं हसली, जाऊ दे. पण स्टेजवर माझ्या शेजारी बसलेले प्राचार्यही हसले! वर मलाच म्हणतात, "सर, तुमचा विषय तर एका खुर्चीत मावते. पुढच्या वर्षी बंदच करून टाकू. पोरायले आता नोकरीचं शिक्षण पायजे."

बसायला सांगितलं तरी सुमित्रा बसली नाही. हसणाऱ्यांकडे बघत ताठ उभी.

"बस म्हना न तिले! काहून उभी आहे ते?" प्राचार्य माझ्या कानाशी.

"तुमीच सांगा. मी नाही सांगत."

ते हसले, हेच डोक्यातून जात नाही. यांच्या केबिनबाहेरच्या पितळी पाटीवर नावाखाली काय कोरलंय? एम.ए., तत्त्वज्ञान. त्याच पदवीवर नोकरी लागली, त्याच पदवीवर ही खुर्ची मिळाली. आता सोमवारी विषय बंद करायच्या ठरावावर माझी सही मागतील.

देतो म्हणावं. आधी पेचकस आणा, ती पाटी माझ्या हातानं उतरवतो.