काकूंच्या नावाची नळी

सर, काकूंच्या रक्तात जंतू वाढलेत. तुम्ही गेल्यापासून इतकी वर्षं त्या तुमच्या समा भागातल्या घरी एकट्याच राहतात. गुडघा बदलून घरी आल्या आणि लगेच ताप चढला, म्हणून दवाखान्यातून रक्त माझ्याच लॅबमध्ये आलं. काचपट्टीवर जांभळे ठिपके, द्राक्षांचे घड असावेत तसे. तुम्ही सांगायचात, हे घड दिसले की घाईने बोलू नये. यांतले निरुपद्रवी भाऊबंद आपल्या कातडीवरच राहतात, सुई टोचताना रक्ताच्या बाटलीत शिरतात. एक मात्र घातकी. तो निघाला तर नवा गुडघा पुन्हा उघडून धुवायचा, असं डॉक्टर म्हणालेत. काकू ऐंशीच्या पुढे आहेत हो! मला एका जागी बसवत नाही.

ओळख पटवायची रीत तुम्हीच शिकवलीत. नळीत प्लाझ्मा घ्यायचा, त्यात जंतू घालून इनक्युबेटरच्या उबेत ठेवायचा. घातकी असेल तर गुठळी बांधतो. आता सशाच्या प्लाझ्माची तयार पूड मिळते. तेव्हा कॉलेजात ससा कुठला? तुम्ही बाही सरकवून स्वतःचं रक्त काढून द्यायचात. एकदा मी अधीर होऊन नळी हलवली. "दही लागलं का बघायला भांडं घुसळतेस का?" सगळ्या वर्गासमोर! रडले होते मी. मग जवळ येऊन म्हणालात, "चार तासांनी बघायचंच. सकाळवर टाकलंस तर काही जंतू स्वतः बांधलेली गुठळी स्वतःच विरघळवतात, आणि तू खुशाल निरुपद्रवी म्हणून लिहिशील."

काकूंची नळी उबेत ठेवलेली असतानाच दुपारी त्यांचा फोन आला. "अगं, मी मजामा आहे, अगदी बरी. तू जेवलीस की नाही? डॉक्टर तर काही बोलतच नाही, तू तरी सीधं सांग हं." जेवले म्हटलं. डबा उघडलाही नव्हता. पुन्हा पुन्हा इनक्युबेटरपाशी जायचे आणि दाराला हात न लावता परत यायचे.

वेळ झाल्यावर नळी अलगद तिरकी केली. आतलं हललं नाही. डॉक्टरांना लगेच कळवलं. उद्या सकाळी गुडघा उघडतील. मग काकूंना सीधं सांगितलं. "बरं," म्हणाल्या, "तू बघितलंस म्हणजे बरोबरच असणार."

सर, हा कागद मी कुठे पाठवणार? तुम्हाला म्हणून सांगते, आज माझं बरोबर निघायला नको होतं.