ओसरीवर पाहुणे असताना

माय, तुझी चिलीम आज पुन्हा पेटली. तुझ्या नातीसाठी. तू तिला पाहिलं नाहीस. तुझ्यासारखीच छातीनं अधू आहे. तिचे सासरे तिला पहिल्यांदाच सासरी न्यायला अकोल्याहून आले आहेत. उद्या सकाळी गाडी जुंपायची आहे.

तिकडं अमेरिकेत लढाई लागल्यापासून कापसाला असा भाव चढला आहे की अमरावतीत लोक माणसं अंगणात निजवतात आणि कापूस घरात ठेवतात. आमचंही माजघर आढ्यापर्यंत भरलं आहे. दुपारी तिथंच तिला धाप लागली. पुढं वाकून, दोन्ही हात जात्यावर रोवून बसलेली, ओठ निळे, मानेच्या शिरा ताठ. आणि छातीत तीच शिट्टी, जी लहानपणी मी तुझ्या छातीतून ऐकत असे. "बाबा" एवढंही तिला एका दमात म्हणता येईना. तिला उचलून मागच्या गोठ्यात नेलं, तिथं तरी वारा होता. धापेवर तू ओढायचीस ती धोतऱ्याची वाळलेली पानं चिलमीत भरू लागलो, तर आत्यानं माझा हात धरला.

"काहून रे, येडा झाला काय? ओसरीवर व्याही बसले हायेत. पोरगी चिलीम ओढते म्हनतीन अन् परत धाडतीन तिले."

"आत्या, मरून राहिली ती!"

"हळू बोल."

तू गेलीस तेव्हा मी मुंबईला कॉलेजात होतो. नंतर आत्यानंच सांगितलं, तुझं कौतुक करावं तसं: दिवसभर ओसरीवर पाहुणे होते, वास बाहेर जाईल म्हणून वहिनीनं चिलीम पेटवलीच नाही, मोठी समजदार. तू कोठीमागं दार लावून गुदमरत होतीस आणि बाहेर पानसुपारी चालली होती.

मी हात सोडवला. निखारा ठेवला. पहिला झुरका तिला घेताच येत नाही, खोकते, चिलीम निसटते. मी ती पुन्हा ओठांशी धरतो. तिची आई पाठ चोळते आहे. धूर जास्त झाला तर माणूस बरळू लागतो, म्हणून मी झुरके मोजतो. आणि कमी पडला तर? आत्या दाराशी पदर हलवून धूर परतवते आहे. मग शिट्टी जराशी उतरली. पोरीनं डोकं माझ्या गुडघ्यावर टेकलं.

ओसरीवर आलो तेव्हा व्याही हसले. "काय व्याहीबुवा, लपून चिलीम ओढता? आमी काय परके हाओ?"

"जुनी सवय आहे," मी म्हणालो. जन्मात मी चिलमीला तोंड लावलेलं नाही.

हे मी तिच्यासाठी बोललो की माझ्यासाठी, ते ठरवता येत नाही. चिलीम माझी ठरली म्हणजे पोरीबरोबर जाणार नाही, इथंच राहणार. तिकडंही घर कापसानं भरलेलं असेल, आणि तिला धाप लागेल तेव्हा ओसरीवर कोणीतरी बसलेलं असेलच. आत्या म्हणते, बोचक्यात लपवून देऊ. लपवलेली तुझ्याकडंही होती, माय.

त्यांना सांगायला हवं. दिवे लागले आहेत, ते अजून ओसरीवरच आहेत. मी उठून दारापर्यंत जातो आणि परत येतो. मघाशी त्यांनी बटव्यातून तंबाखू काढून मोठ्या प्रेमानं माझ्या हातावर ठेवला. "अकोल्याचा हाये, ओढून पाहा."

मी तो घेतला.